चिमटीतल्या विजेचा कणा

माझी आजी पेळू करायला बसली की आधी काडी शोधायची. जुन्या छत्रीची तार असेल तर उत्तम. पिंजलेल्या कापसाची पातळ पट्टी पाटावर पसरायची, तिच्या कडेला ती काडी ठेवायची आणि तळव्याने एका दमात गुंडाळत न्यायची. मग काडी अलगद ओढून घेतली की मागे उरे तो सरळ, एकसारख्या जाडीचा पेळू. तिचे माहेर यावल तालुक्यातले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच, आणि त्या हवेत गावोगावच्या पोरीबाळी टकळी-चरख्याला लागल्या. हा हात तेव्हाचा. आम्ही नातवंडे घाईने काडीवाचून गुंडाळायला जायचो. आमचा पेळू एका जागी सुतळीएवढा बारीक, पुढच्या बोटभर अंतरावर फुगलेला, आणि बहुधा मध्येच वाकडा. आजी तो उलगडायची आणि काडी हातात द्यायची.

बारीक-जाड होणे आणि वाकडे होणे, हे आमच्या पेळूचे दोन दोष. विसाव्या शतकातील काही थोर पदार्थवैज्ञानिकांची निम्मी हयात याच दोन दोषांशी झगडण्यात गेली. त्यांच्या हातात कापूस नव्हता, विजेने पेटलेला वायू होता. आणि तळव्याच्या जागी होते त्या विजेचेच चुंबकीय क्षेत्र. शेवटी त्यांनीही आत एक काडी घातली. ती कशी सुचली, कोणी फेकून दिली, आणि क्ष-किरणांच्या कामासाठी ती पुन्हा कशी उचलली गेली, त्याचा हा मागोवा. धुळ्यात राहणाऱ्या माणसाला मागोव्याची खोड लागतेच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस याच गावात देह ठेवला आणि त्यांनी दारोदार हिंडून जमवलेली दप्तरे इथल्या संशोधन मंडळात राहिली. आपण त्यांच्याच रीतीने जाऊ: जुना कागद आधी, मत मागाहून.

सर्वांत जुना कागद हॉलंडचा. १७९० मध्ये हार्लेम येथे मार्टिनस व्हान मारुम या वैद्य-वैज्ञानिकाने शंभर लेडन बरण्यांत साठवलेली वीज एका बारीक तारेतून एकदम सोडली. तार वितळली नाही, गळलीही नाही. स्फोट होऊन नाहीशी झाली. तारेचे काय झाले हे सांगण्याजोगी भाषाच तेव्हा नव्हती. विजेचा चुंबकाशी काही संबंध आहे हे कळायला अजून तीस वर्षे होती. ती तीस वर्षे आपण खानदेशात काढली तर मराठेशाहीचा शेवट पाहायला मिळतो: १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशाचा कारभार हाती घेऊन धुळे हे मुख्य ठाणे केले. त्याची घडी बसते न बसते तोच, १८२० मध्ये, कोपनहेगनच्या ऑर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळताना पाहिली, आणि काही महिन्यांत पॅरिसच्या अँपिअरने दाखवले की एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या दोन शेजारच्या तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. पुढची सारी कहाणी या एका वाक्यात आहे. दोन तारा जवळ येतात, तर हजार तारांची जुडी आवळली जाईल. आणि एकच जाड वाहक घेतला तर तो म्हणजे असंख्य बारीक तारांची जुडीच. म्हणजे पुरेशी वीज वाहिली की वाहकाने स्वतःच स्वतःला चिमटायला हवे. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे मोजायला कोणाकडे तेवढी वीज नव्हती.

ती आभाळाकडे होती. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातील हार्टली व्हेल येथे रॉकेलचा कारखाना होता. तिथल्या वीजवाहकावर एकदा वीज पडली. हा वाहक भरीव सळईचा नव्हता, तांब्याच्या पोकळ नळीचा होता. आणि वीज जमिनीत गेल्यावर पाहतात तो नळी पिळून काढल्यासारखी चिरडलेली. बाहेरून कोणी हातोडा मारला नव्हता. सिडनी विद्यापीठातील पोलॉक आणि बॅराक्लफ या दोघांनी १९०५ मध्ये त्या नळीवर एक छोटे टिपण लिहिले आणि निदान केले: विजेच्या प्रवाहानेच उभ्या केलेल्या चुंबकीय क्षेत्राने ही नळी आतल्या बाजूला दाबली. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले ते पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये. ते वाटणीचे कागद आमच्याकडे जपून ठेवलेले आहेत; सिडनीकरांनी ती चिरडलेली नळी जपली. वाचकांपैकी कोणाला या विद्येच्या मूळपुरुषाचे दर्शन घ्यायचे असेल तर ते त्या नळीचे घ्यावे असे मला वाटते. ग्रंथांत आढळणारे पुढचे सगळे सिद्धान्त तिच्यात आकुंचन पावून बसलेले आहेत.

नाव मात्र थट्टेतून पडले. त्याच सुमारास अमेरिकेत कार्ल हेरिंग हा अभियंता वितळलेल्या धातूतून वीज नेऊन भट्टी चालवण्याच्या खटपटीत होता. प्रवाह वाढवला की धातूचा द्रव पन्हाळीत मध्येच निमुळता होई, आणखी वाढवला की तुटे. प्रवाह बंद, मग द्रव पुन्हा एकत्र, पुन्हा प्रवाह, पुन्हा तुटणे. त्याने हसत त्याला ‘पिंच’ म्हटले, चिमटा. त्याचा मित्र एडविन नॉर्थरप याने १९०७ मध्ये द्रवधातूंवर नीट प्रयोग करून तो प्रसिद्ध केला आणि विनोद शास्त्रात रुजला. आपण इथे क्षणभर थांबावे, कारण हेरिंगच्या पन्हाळीत आजीच्या पेळूचा पहिला दोष स्वच्छ दिसत होता. द्रव एकसारखा आवळला जात नव्हता. जिथे तो किंचित बारीक झाला तिथे प्रवाहाला परीघ कमी मिळाला, म्हणून तिथले चुंबकीय क्षेत्र जास्त तीव्र झाले, म्हणून तिथेच आणखी आवळला गेला. गरिबाला अधिक गरीब करणारी सावकारी जशी, तसाच हा नियम. हेरिंगला भट्टीची काळजी होती, त्याने त्याकडे अडचण म्हणून पाहिले आणि पुढे गेला. पन्नास वर्षांनी तीच अडचण राष्ट्रांच्या अंदाजपत्रकांना भोवणार होती.

दरम्यान दुसरीकडून दोन ओहोळ येऊन मिळाले. पहिला क्ष-किरणांचा. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेनला ते दिसले आणि १९१३ मध्ये कूलिजने जी निर्वात नळी बनवली, तिच्याच वंशातली नळी आज जळगावच्या कोणत्याही रुग्णालयात आपला हात-पाय पाहते. तिची रीत सरळ आहे: इलेक्ट्रॉन वेगाने फेकायचे, धातूवर आपटायचे. पण आपटण्यातील बहुतेक सगळी ऊर्जा धातू तापवण्यात जाते, किरणांच्या वाट्याला शंभरातला जेमतेम एक भाग येतो. मोडलेले हाड पाहायला तेवढे पुष्कळ झाले. दुसरा ओहोळ प्लाझ्माचा. वायू इतका तापवला की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, हे कोणत्या तापमानाला किती प्रमाणात घडते त्याचे गणित मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांसाठी मांडले. अशा वायूला प्लाझ्मा हे नाव लँगम्यूरने १९२८ मध्ये दिले. आणि १९३४ मध्ये विलार्ड बेनेट याने ताळा जुळवला: प्लाझ्माच्या स्तंभातून वीज गेली तर तिची चिमट आणि आतल्या उष्णतेचा बाहेर ढकलणारा दाब कोणत्या प्रवाहाला तोलून धरतील, याचे सूत्र त्याने काढले. प्रवाह दुप्पट केला तर चिमट चौपट. सूत्र इतके देखणे होते की ते पाहून कोणाचाही समज व्हावा, आता फक्त मोठे बटण दाबायचे राहिले आहे.

महायुद्ध संपल्यावर ते बटण दाबण्याची घाई सुरू झाली. हायड्रोजनचा प्लाझ्मा चिमटीत धरून सूर्यासारखी ऊर्जा काढायची, या कल्पनेचे पेटंट जॉर्ज पॅजेट टॉमसन आणि मोझेस ब्लॅकमन यांनी १९४६ मध्ये इंग्लंडात मागितले. अमेरिकेत लॉस अलामॉसला जेम्स टक याने यंत्र बांधले आणि त्याला नाव दिले ‘परहॅप्सॅट्रॉन’. आपल्याकडे ‘कदाचित्-यंत्र’ म्हणता येईल. सरकारी पैशावर उभारलेल्या यंत्राला इतके प्रामाणिक नाव मी दुसरे ऐकलेले नाही. यंत्राने नाव सार्थ केले. प्लाझ्मा चिमटीत येई, क्षणभर तेजाळे आणि सेकंदाच्या काही लाखाव्या भागात विस्कटून भांड्याच्या भिंतीवर आदळे. छायाचित्रांत तो मण्यांच्या माळेसारखा बारीक-जाड झालेला दिसे, किंवा सापासारखा वळलेला. १९५४ मध्ये मार्टिन क्रुस्कल आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी गणिताने दाखवून दिले की यात कारागिराचा दोष नाही. नुसत्या चिमटीत धरलेला प्लाझ्मा स्वभावतःच अस्थिर आहे. तिसरा दोषही त्यांच्याच हिशेबात होता. तेलावर पाणी ओतून ते वरच राहील अशी अपेक्षा केली तर जड पाणी बोटे फुटल्यासारखे खाली घुसते. चुंबकीय क्षेत्राला वजन नाही, प्लाझ्माला आहे. वजनहीन वस्तूने जड वस्तूला रेटायचे म्हटले की तिथेही तशीच बोटे फुटतात.

आता काडीकडे. खरे तर ती आधी आभाळात सापडली होती. १९५३ मध्ये शिकागोत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी हे आकाशगंगेच्या बाहूंचा विचार करत होते. वायूचा लांबच लांब स्तंभ स्वतःच्या गुरुत्वाने तुटून गोळे-गोळे का होत नाही? त्यांनी दाखवले की स्तंभाच्या लांबीला समांतर असे चुंबकीय क्षेत्र आत असेल तर ते त्याला धरून ठेवते. तिकडे गुरुत्वाची चिमट होती, इकडे विजेची. कणा दोन्हीकडे तोच. हे कसे घडते ते आपण पेळूवरच पाहू. प्लाझ्मा आवळण्याआधी त्यात लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र सोडून ठेवायचे. तापलेला प्लाझ्मा विजेचा इतका चांगला वाहक असतो की क्षेत्राच्या रेषा त्यात गोठल्यासारख्या अडकतात आणि त्याच्याबरोबरच जातात. आता एखादी जागा बारीक होऊ लागली की तिथल्या रेषा दाटतात आणि आतून बाहेर ढकलू लागतात. स्तंभ वाकू लागला की रेषा ताणल्या जातात आणि ताणलेल्या दोरीसारख्या त्याला सरळ ओढतात. दोन्ही दोषांवर एकच औषध. १९५६ ते १९५८ या तीन वर्षांत अमेरिकेत रोझेनब्लूथ, रशियात शाफ्रानोव्ह, इंग्लंडात टेलर यांनी हे हिशेब जवळजवळ एकाच वेळी केले. मधले पडदे गुप्ततेचे, म्हणून एकाला दुसऱ्याचे ठाऊक नाही. स्वतः चंद्रशेखरांनी कॉफमन आणि वॉटसन यांच्याबरोबर १९५८ मध्ये चिमटीच्या स्थैर्यावर निबंध लिहिला, आणि १९६१ च्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात हा सगळा विषय एका छताखाली आणला.

औषध मिळाले म्हणून रोगी उठला नाही. इंग्लंडच्या हार्वेल येथे पीटर थॉनमन यांनी १९५७ मध्ये ‘झीटा’ हे कड्याच्या आकाराचे अवाढव्य यंत्र चालू केले; कड्याची पोकळी एक मीटर व्यासाची आणि आत थोडेसे कण्याचे क्षेत्र. न्यूट्रॉन दिसले, म्हणजे सूर्यासारखी ऊर्जा निघू लागल्याची खूण. २५ जानेवारी १९५८ रोजी जगाला सांगण्यात आले, आणि तिथले प्रमुख सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांच्या रेट्यापुढे आपली खात्री नव्वद टक्के असल्याचे बोलून टाकले. मे महिन्यात माघार घ्यावी लागली. न्यूट्रॉन उष्णतेचे नव्हते. प्लाझ्मा विस्कटताना काही अणूंना जे हिसके बसत त्यांचे ते होते. आपल्याकडेही त्या काळची आशा काही कमी नव्हती. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून होमी भाभांनी भाकीत केले होते की ही ऊर्जा ताब्यात घेण्याची रीत दोन दशकांत सापडेल. ती मुदत १९७५ मध्ये संपली. भाभांना हसणे सोपे आहे. पण त्या भाकिताच्या वेळी क्रुस्कल-श्वार्झशिल्डचा निबंध जेमतेम वर्षभराचा होता, आणि वाईट बातमी नेहमी चालत येते.

झीटानंतर वंशवेलीला दोन फांद्या फुटल्या. रशियात टॅम आणि साखारोव्ह यांच्या १९५० च्या कल्पनेतून निघालेल्या टोकामाकने काडीच इतकी जाड केली की पेळू नावापुरता उरला: कण्याचे क्षेत्र विजेच्या स्वतःच्या क्षेत्राहून कितीतरी मोठे. १९६८ मध्ये रशियनांनी आकडे सांगितले, १९६९ मध्ये ब्रिटिश पथकाने मॉस्कोत जाऊन ते तपासले, आणि जग त्या वाटेने निघून गेले. गांधीनगरजवळचे ‘आदित्य’ यंत्र, १९८९ चे, याच घराण्यातले. सरळ स्तंभाची मूळ चिमट मागे पडली. थोरल्या घरातून वेगळ्या निघालेल्या धाकट्या भावासारखी तिची अवस्था झाली. वाडा गेला, पण हातातली विद्या गेली नाही. स्थिर राहत नाही ना, मग क्षणभरच जगू दे, असे म्हणणारी माणसे तिच्याकडे वळली. क्षणभरात ती काय देत होती? क्ष-किरण. प्लाझ्माची पोकळ भिंत सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने आत कोसळते, अक्षावर स्वतःवरच आपटते, तो वेग उष्णतेत बदलतो आणि लाखो अंशांवर गेलेला प्लाझ्मा क्ष-किरणांनी उजळतो. इथे लक्ष्य, हातोडा आणि दिवा एकच.

ही गरज कोणाची, हे लपवण्यात अर्थ नाही. ती अस्त्रवाल्यांची होती. अणुस्फोटाच्या क्ष-किरणांपुढे आपल्या उपग्रहांची आणि क्षेपणास्त्रांची यंत्रणा टिकेल का, हे प्रत्यक्ष स्फोट न करता पाहायचे होते. इंग्लंडच्या ऑल्डरमास्टन येथे चार्ली मार्टिन यांच्या गटाने साठच्या दशकात पल्स्ड पॉवरची विद्या घडवली: जर्मनीच्या एर्विन मार्क्सने विसाच्या दशकात शोधलेल्या जोडणीने कपॅसिटर समांतर भरायचे, एकापाठोपाठ एक जोडून रिते करायचे, आणि ती वीज सेकंदाच्या काही कोट्यंश भागात ओतायची. धरणात दिवसभर साठलेले पाणी चिमणी उडायच्या आत सोडून द्यावे, तसे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अर्वाइन येथे शिलोह, फिशर आणि रोस्टोकर यांनी तारेऐवजी वायूचा फवारा वापरला. झडप उघडून पोकळ नळीच्या आकाराचा फवारा सोडायचा आणि तो पसरण्याआधीच त्यातून वीज. पण दोष तेच. भिंत सगळीकडून एकदम अक्षावर पोचली नाही, कुठे आधी कुठे मागाहून पोचली, तर किरणांचा झोत लांबतो आणि मंदावतो. म्हणून वेसल, फेल्बर, रहमान, रोस्टोकर या मंडळींनी ऐंशीच्या दशकात अडगळीतली काडी काढली आणि फवाऱ्याच्या आत लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र घातले. साधा हिशेब बघा: रेषा गोठलेल्या असतील तर स्तंभाची त्रिज्या दहापट घटली की आतले क्षेत्र शंभरपट होते. सुरुवातीला चिमूटभर, शेवटी पर्वत.

आणि इथेच काडीची किंमत कळते. आजी तिची काडी शेवटी ओढून घ्यायची. चुंबकाची काडी ओढता येत नाही. ती मध्येच राहते, आणि पेळू तिच्याहून बारीक होऊ देत नाही. आवळण्यासाठी लावलेली ऊर्जा तिला दाबण्यात खर्च होते. कणा फार कच्चा ठेवला तर स्तंभ विस्कटतो, फार पक्का ठेवला तर क्ष-किरणच मरतात. किती घालायची, याचा जुगार तेव्हापासून चालू आहे.

आपल्या बाजूला या घराण्याचे नातलग कोण, ते मुंबई-आग्रा रस्त्यावर सापडतात. धुळ्याच्या चौफुलीवर उभे राहिले की एक तोंड नाशिकमार्गे मुंबईकडे, दुसरे शिरपूर-सेंधव्यावरून इंदूरकडे. मुंबईच्या टोकाला ट्रॉम्बे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम यांनी १९८५ मध्ये सुचवलेले आणि १९८९ पासून आकाराला आलेले ‘काली’, म्हणजे किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. दर काही महिन्यांनी आमच्या मोबाइलवर निरोप फिरतो की काली शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच जाळते. तसे काही नाही. ती पल्स्ड पॉवरची यंत्रे आहेत. इलेक्ट्रॉनांचा जबर झोत काही क्षणांश सोडतात, तो धातूवर आदळवून क्ष-किरणांचा लखलखाट काढता येतो आणि त्या लखलखाटात उडत्या गोळीसारख्या वेगवान वस्तूचे आरपार छायाचित्र मिळते. काली ही चिमट नव्हे, चिमटीची मावसबहीण म्हणावी. वीज साठवून एका श्वासात ओतण्याची विद्या दोघींची एकच. चिमटीचे सख्खे भावंड जे प्लाझ्मा फोकस, रशियात फिलिपोव्ह आणि अमेरिकेत मॅदर यांनी घडवलेले, त्याच्यावरही ट्रॉम्बेत काम झाले. आणि १९८५-८६ मध्ये मलेशियात सिंग ली यांनी गरीब देशांच्या प्रयोगशाळांना परवडेल असे जे छोटे यंत्र तयार केले, त्याच्या बिरादरीत दिल्ली विद्यापीठही होते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला इंदूरचे राजा रामण्णा केंद्र. तिथल्या ‘इंडस’ यंत्रांत, १९९९ आणि २००५ च्या, चुंबकानेच क्ष-किरण काढतात, पण अगदी उलट स्वभावाने: इलेक्ट्रॉन वर्तुळात वळवत ठेवून, शांतपणे, तासन्‌तास. एक टोक लखलखाटाचे, दुसरे समईचे. मध्ये आमचे धुळे, केळीच्या आणि कापसाच्या ट्रकांना वाट देत.

थोरली चिमट मात्र न्यू मेक्सिकोतच पाहायला हवी. सँडिया प्रयोगशाळेने १९९६ मध्ये आपले जुने यंत्र बदलून ‘झेड’ केले: जवळजवळ दोन कोटी अँपिअर, सेकंदाच्या एक कोट्यंश भागात. एक मिलिमीटर त्रिज्येच्या स्तंभाभोवती एवढी वीज गेली तर क्षेत्र ४,००० टेस्ला होते आणि दाब वातावरणाच्या सहा कोटी पटींहून अधिक. फवाऱ्याऐवजी त्यांनी तारा लावल्या, २४० टंगस्टनच्या, पिंजऱ्यासारख्या गोल. एकेक तार सात-आठ मायक्रॉन जाडीची. आमच्या शेतातला कापसाचा तंतू तिच्या दुप्पट जाड असतो. टॉम सॅनफर्ड यांनी आधी सॅटर्न नावाच्या यंत्रावर दाखवले होते की तारांची संख्या वाढवली, अंतर कमी केले की झोताची ताकद एकदम उसळते, कारण भिंत अधिक एकसारखी होते. म्हणजे काडी न वापरता कापूसच नीट पिंजायचा, ही दुसरी रीत. तिने १८ लाख ज्यूल क्ष-किरण दिले, साठवलेल्या ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के. रुग्णालयातल्या नळीचा एक टक्का आठवा.

काडी परत आली ती २०१० मध्ये. तिथल्याच स्लुट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘मॅगलिफ’ची योजना मांडली: बेरिलियमच्या छोट्या नळीत इंधनवायू, त्यात आधीच १० टेस्लांहून अधिक लांबीच्या दिशेने क्षेत्र, मग लेसरने ऊब, मग चिमट. २०१४ मध्ये पहिले यश आले, आणि अर्धशतकापूर्वी झीटाला तोंडघशी पाडणारा न्यूट्रॉन या वेळी खरोखर उष्णतेचा निघाला. पण मला त्याहून ओढ आहे ती २०१३ च्या एका क्ष-किरण छायाचित्राची. ऑ आणि मंडळींनी नुसती नळी आवळून पाहिली होती, आतून क्षेत्र घालून. क्षेत्र नसताना नळीवर आडव्या वळ्या पडत, एकावर एक ठेवलेल्या चकत्यांसारख्या. क्षेत्र घातले तेव्हा वळ्या गेल्या नाहीत; तिरक्या झाल्या. नळीवर दोरखंडाचा पीळ पडलेला होता, आणि तो पीळ टिकून राहिला. बाहेरचे क्षेत्र आतल्याच्या कितीतरी पट झाल्यावर एवढा तिरकेपणा उरायला नको होता. कशामुळे उरतो, यावर अजून वाद आहेत.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत इत्झाक मारोन यांच्या गटाने आपल्या लहान यंत्रावर हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. वायूचा फवारा, तीन लाख अँपिअरची वीज, आणि अर्ध्या टेस्लाहूनही कमी सुरुवातीचे क्षेत्र. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की एवढ्यानेही स्तंभ डोळ्यांना दिसेल इतका सरळ होतो. मग त्यांनी प्लाझ्मातून निघणाऱ्या प्रकाशाच्या रेषांवरून विजेचा माग काढला, ती नेमकी कुठून वाहते ते. २०१९ मध्ये छापून आलेले उत्तर अनपेक्षित होते. काडी घातली की बरीचशी वीज आवळल्या जाणाऱ्या स्तंभातून जातच नाही. ती बाहेरच्या विरळ, उरल्यासुरल्या प्लाझ्मातून, कडेकडेने निघून जाते. स्तंभ सरळ राहतो त्यामागे हेही एक कारण आहे की त्याला पुरते दाबलेलेच नसते.

हे वाचले त्या संध्याकाळी मी पाटावर कापूस पसरून बसलो होतो. छत्रीची तार मिळाली नाही, अगरबत्तीची काडी घेतली. पहिल्या खेपेस काडी मध्ये फिरली आणि कापूस बाहेरच्या बाहेर सैल गुंडाळला गेला.